बाळांनी काय केलं होतं?

प्रिय मुली,

मावशी म्हणून लिहिलंस, म्हणून मीही 'तू'च म्हणते. वाचकांसाठी तुझं पत्र थोडक्यात सांगते. तू शब्बाथ शाळेत, म्हणजे चर्चच्या रविवारच्या मुलांच्या वर्गात, शिकवतेस. बायबलमधल्या शौल राजाचा, म्हणजे इस्राएलाच्या पहिल्या राजाला देवानं शत्रू अमालेकी लोकांचा संहार करायला सांगितल्याचा, धडा चालू असताना सातवीतल्या एका मुलीनं विचारलं, "टीचर, अमालेक्यांच्या तान्ह्या बाळांनी काय केलं होतं?" तू सांगितलंस, ती मोठी होऊन शत्रूच झाली असती, देवाला पुढचं दिसतं. मुलगी गप्प झाली. तुझं स्वतःचं बाळ आठ महिन्यांचं आहे आणि त्या रविवारपासून तुझ्या डोळ्याला डोळा नाही. पाळकसाहेब म्हणाले, शंका सैतान घालतो, प्रार्थना वाढव. आता तू विचारतेस, माझा विश्वास ढळलाय का? शिकवणं सोडून देऊ का?

सोडू नकोस. बायबलच्या १ शमुवेल पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायातली ही आज्ञा अंगावर येते: पुरुष, बायका, मुलं, तान्ही बाळं, गुरं, कुणालाच ठेवायचं नाही. आणि कारण काय, तर मिसरातून, म्हणजे इजिप्तमधून, निघालेल्या इस्राएली लोकांवर अमालेक्यांनी वाटेत केलेला हल्ला. तो हल्ला करणारे तर कितीतरी पिढ्यांमागेच मातीत गेले होते. हे वाचून तुझ्या पोटात कालवलं, यात काही बिघडलेलं नाही.

तू दिलेलं उत्तर मात्र पुन्हा देऊ नकोस. हे इस्राएली उद्या शत्रूला मिळतील, म्हणून त्यांचे मुलगे जन्मताच मारा, हा हिशेब बायबलच्या निर्गम पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात मिसरचा राजा फारो करतो. तोच आपण देवाच्या तोंडी घालायचा? शत्रूला 'अमालेक' म्हणण्याची रीत युद्धाच्या भाषणांत आजही टिकून आहे, म्हणून वर्गात बोलतानाही जपायला हवं.

जाणकार सांगतात, त्या काळी युद्धाची भाषाच तशी होती. ते खरं आहे. इस्राएलाच्या शेजारच्या मवाबाचा राजा मेशा यानं आपल्या देवासाठी, कमोशासाठी, नबो गावातल्या इस्राएली बायापुरुषांची कत्तल केल्याचं दगडावर कोरून ठेवलंय. तो शिलालेख आज पॅरिसमध्ये आहे. यानं त्या अध्यायाचा काळ कळतो. बाळांचा प्रश्न तिथेच राहतो.

आता तुझ्या विद्यार्थिनीला सांगण्याजोगी गोष्ट. तिचा प्रश्न ताल्मूदमध्ये आहे, म्हणजे यहुदी गुरूंनी तो दीड हजार वर्षांपूर्वीच लिहून ठेवलाय, आणि तोही शौलाच्या तोंडी: मोठ्यांनी पाप केलं असेल, लहानांनी काय केलं? त्यावर आकाशवाणी होते, फाजील धार्मिक होऊ नकोस. या उत्तरानं माझं समाधान होत नाही. पण गुरू तिथे थांबत नाहीत, ते लगेच नोब या याजकांच्या गावाकडे वळतात.

म्हणून १ शमुवेल २२ काढ. शौल ज्याला शत्रू मानत होता, त्या दाविदाला नोबच्या याजकानं भाकर दिली, एवढ्यावरून शौल सगळ्या याजकांना मारायला सांगतो. त्याचे शिपाई हात उचलत नाहीत. राजा समोर उभा, आज्ञा झालेली, तरी नाही. मग शौलाचा सेवक दवेग अदोमी पुढे होतो, ८५ याजक कापतो, आणि पाठोपाठ नोब गावात पुरुष, बायका, मुलं, तान्ही बाळं, बैल, गाढवं, मेंढरं तलवारीखाली जातात. जवळजवळ तीच यादी, त्याच ग्रंथात, अवघ्या सात अध्यायांनी. पंधराव्यात ती आज्ञा होती, इथे तो उघड गुन्हा आहे. गुरू म्हणतात, या वेळी आकाशवाणी झाली, फाजील दुष्ट होऊ नकोस. लेखकानं हे मुद्दाम केलं का, ते मी ठामपणे म्हणणार नाही. पण दोन्ही अध्याय लागोपाठ वाच. मी वाचते तेव्हा मला त्या हात न उचलणाऱ्या शिपायांपाशी थांबावंसं वाटतं.

आणि प्रश्न विचारणं पाप असेल, तर सदोम नगर वाचावं म्हणून देवाशी पन्नास नीतिमान माणसांपासून दहापर्यंत घासाघीस करणाऱ्या अब्राहामाचं काय करायचं? निरपराध असून दुःख भोगणाऱ्या इय्योबानं तर देवाला जाब विचारला. शेवटी देव रागावला तो त्याच्या मित्रांवर, देवाची बाजू सावरून बोलणाऱ्यांवर.

येत्या रविवारी त्या मुलीला जवळ बसव आणि सांग, "मी तुला दिलेलं उत्तर बरोबर नव्हतं. बाळांनी काहीच केलं नव्हतं. देवानं असं का सांगितलं असेल, ते मलाही कळत नाही." बाकी मुलांसमोर सांगितलंस तर आणखी चांगलं, कारण तुझं पहिलं उत्तर त्यांनीही ऐकलंय. लहान वर्गांना मात्र हा अध्याय आत्ता नको.

पाळकसाहेबांशी भांडू नकोस. त्यांनी प्रार्थना वाढव म्हटलंय ना, मग त्यांच्याबरोबरच कर, आणि त्यांच्याच समोर हबक्कूक संदेष्ट्याच्या पुस्तकाचा पहिला अध्याय मोठ्यानं वाच. तीही प्रार्थनाच आहे, आणि तिची सुरुवातच तक्रारीनं होते. ते काय म्हणाले, मला कळव.

तुझी,
मावशी