अकरावीलाच सहा लाख घालायचे का?

प्रश्न: यावल तालुक्यात सहा एकर शेती आहे, निम्मी केळी, निम्मा कापूस. मुलीला दहावीत ८६ टक्के मिळाले, कॉम्प्युटर इंजिनिअर व्हायचं म्हणते. पुण्यातल्या एका क्लासने अकरावी-बारावीच्या 'इंटिग्रेटेड' बॅचसाठी वर्षाला १ लाख ६० हजार अधिक जीएसटी सांगितला आहे, होस्टेल-मेस महिना साडेनऊ हजार. सुकन्या खात्यात मार्चअखेर ३ लाख ४० हजार होते. त्यातले निम्मे काढून बाकीचं पीककर्जातून आणि क्लासच्या मासिक हप्त्यांवर भागवावं असा विचार आहे. शिवाय सगळे सांगतात, पीसीएमबी (फिजिक्स, केमिस्ट्री, गणित, बायोलॉजी) घ्या, बायोलॉजी हाताशी असू द्या. काय करावं?

उत्तर: भाऊ, ओढूनताणून जमेल, पण हा बेत मी सोडायला सांगेन. त्यात पैसा सगळा पहिल्या दोन वर्षांत संपतो आणि पदवीची चार वर्षं उघडी पडतात.

आधी हिशेब. १ लाख ६० हजारांवर १८ टक्के जीएसटी धरला की वर्षाला १,८८,८००, दोन वर्षांचे ३,७७,६००. होस्टेल-मेस वीस महिने धरा, १,९०,००० झाले. पुस्तकं, परीक्षा फी आणि येणं-जाणं मिळून सहा लाखांच्या घरात. आता तिचं पुण्यात इंजिनिअरिंग झालं आणि राहण्या-जेवणाचे वर्षाला सव्वा लाख जरी लागले तरी चार वर्षांचे पाच लाख. ते कुठून येणार, याचं उत्तर तुमच्या बेतात नाही.

फी ठरवण्याआधी परीक्षा ठरवा. राज्यातल्या बहुतेक इंजिनिअरिंग जागा एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेच्या गुणांवर भरतात. या परीक्षेत अकरावीचा वाटा साधारण २० टक्के, बारावीचा ८०. पीसीएम गटात गणिताचे ५० प्रश्न दोन-दोन गुणांचे, फिजिक्स आणि केमिस्ट्रीचे पन्नास-पन्नास एकेका गुणाचे. म्हणजे २०० पैकी १०० गुण एकट्या गणिताचे, आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. जेईई मेन या देशपातळीवरच्या परीक्षेत मात्र तिन्ही विषयांना सारखं वजन, चुकलं की वजाबाकी, आणि प्रश्नांची जात वेगळी. पुण्याच्या क्लासची फी मुख्यतः जेईईची आहे. मुलीचा रोख राज्यातल्या कॉलेजकडे असेल तर तिला गणित वेगात आणि बिनचूक सोडवायला लावणारा शिक्षक हवा, आणि तो भुसावळ-जळगावातही मिळतो. दोन दिवस बसून पाहिल्याशिवाय कुठेही पैसे भरू नका.

विषयांचं म्हणाल तर पीसीएमबीचा आग्रह सोडा. बायोलॉजी सोडली की मुख्यतः नीटची वाट बंद होते, म्हणजे एमबीबीएस, बीएएमएस वगैरे. फार्मसी आणि बीएस्सी ॲग्री पीसीएमवरही मिळतं. गणित सोडलं तर इंजिनिअरिंग गेलं. मुलीला डॉक्टर व्हायचंच नसेल तर बायोलॉजीचं प्रॅक्टिकल आणि पाठांतर तिच्या गणिताचा वेळ खाईल. त्याऐवजी कॉलेजात द्विलक्ष्यी (बायफोकल) कॉम्प्युटर सायन्सची जागा मिळाली तर घ्या. तो २०० गुणांचा विषय दुसरी भाषा आणि एक ऐच्छिक विषय यांच्या जागी येतो, त्यातले निम्मे गुण प्रॅक्टिकलचे. सीईटीत त्याचा उपयोग नाही, पण बारावीची टक्केवारी सावरते. जागा थोड्या असतात आणि फी वेगळी लागते, दोन्ही आधी विचारा.

'इंटिग्रेटेड'मध्ये आणखी एक खोट असू शकते. नाव एका ज्युनिअर कॉलेजात आणि मुलगी दिवसभर क्लासमध्ये. बोर्डाला ७५ टक्के हजेरी लागते, आणि फिजिक्स-केमिस्ट्रीचे तीस-तीस गुण प्रॅक्टिकलचे असतात. कॉलेज कोणतं आणि प्रयोगशाळेचे तास कधी, हे लेखी मागा. टाळाटाळ दिसली तर तिथूनच परत फिरा.

जवळच्या पर्यायाचा अंदाज असा: क्लास वर्षाला ५० हजार धरला तर जीएसटीसह दोन वर्षांचे १,१८,०००. ग्रामीण भागातल्या बारावीपर्यंतच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत एसटीचा पास मोफत आहे, त्यामुळे रोजची ये-जा झेपत असेल तर कॉलेज फी, पुस्तकं धरून दीड-पावणेदोन लाखांत भागतं. जळगावला ठेवलं तर त्यावर सव्वा-दीड लाख. मुलगी ओबीसी, व्हीजेएनटी किंवा एसबीसी प्रवर्गात असेल तर महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थेच्या मोफत जेईई-नीट-सीईटी प्रशिक्षणाचा अर्ज आधी भरा. ते ऑनलाइन असतं आणि त्यात टॅबलेटही मिळतो.

डिप्लोमाही डोक्यातून काढू नका. शासकीय तंत्रनिकेतन जळगावात आहे, प्रवेश दहावीच्या गुणांवर, नंतर थेट पदवीच्या दुसऱ्या वर्षाला. तीन अधिक तीन काय, दोन अधिक चार काय, वर्षं सहाच. क्लासची फी वाचते. अडचण एवढीच, पदवीचं पहिलं वर्ष न केल्यामुळे तिथलं गणित जड जातं.

सुकन्याला आत्ता हात लावू नका. दहावी पास झाल्यावर मागील मार्चअखेरच्या शिलकीच्या निम्म्यापर्यंत काढता येतं हे खरं, पण शैक्षणिक संस्थेच्या प्रवेशाचा किंवा फीचा कागद लागतो. खासगी क्लासच्या पावतीवर विसंबू नका. ८.२ टक्के दर टिकला तर नवीन पैसे न भरताही दोन वर्षांत ३ लाख ४० हजारांचे ३ लाख ९८ हजार होतात. त्यातले निम्मे पदवीच्या पहिल्या वर्षी कामी येतील. वर्षातून एकदा, अशी पाच वर्षांपर्यंत रक्कम काढता येते.

पीककर्ज फीला वळवणं तर नकोच. मुदतीत परतफेड केली तर ३ लाखांपर्यंतचं व्याज डॉ. पंजाबराव देशमुख योजनेमुळे शून्यावर येतं. केळीचा भाव पडला, मुदत चुकली, की सवलत जाते आणि पुढच्या हंगामाचं कर्जही अडतं.

तुमची खरी बचत कागदपत्रांत आहे. २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना, घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर, कॅप (केंद्रीभूत प्रवेश) फेरीतून मिळालेल्या व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या जागेवर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. मॅनेजमेंट कोट्याला नाही. विकास शुल्क आणि होस्टेल आपल्यालाच भरायचं. प्रवर्गाचा दावा असेल तर जात वैधतेचा अर्ज बारावीच्या सुरुवातीलाच कॉलेजमार्फत करा. लोक सीईटीचा निकाल लागल्यावर धावतात आणि पडताळणीला महिने लागतात. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला चालू वर्षाचा हवा. नॉन-क्रिमिलेअरची मुदत ३१ मार्चला संपते, तीही बघून ठेवा. उरलेल्या खर्चाला तेव्हा शैक्षणिक कर्ज आहे, ४ लाखांपर्यंत तारण आणि मार्जिन (आपण घालायचा वाटा) दोन्ही लागत नाही. व्याजावरच्या करसवलतीची भुरळ पडू देऊ नका, शेतीच्या उत्पन्नावर कर नसतो, तुम्हाला तिचा उपयोग शून्य.

राहिले क्लासचे मासिक हप्ते. 'बिनव्याजी ईएमआय' म्हणून जो फॉर्म पुढे करतात तो बऱ्याचदा फायनान्स कंपनीचं तुमच्या नावावरचं कर्ज असतो. मुलीने क्लास सोडला तरी हप्ता थांबत नाही, चुकला तर सिबिल, म्हणजे कर्जफेडीची पत, बिघडतं. केंद्राच्या जानेवारी २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे पूर्ण फी भरून मध्येच सोडल्यास उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत द्यायची आहे. हे कलम पावतीवर लिहून घ्या. फी थेट क्लासलाच तीन टप्प्यांत द्या: थोडी जूनमध्ये, मोठा वाटा कापूस विकल्यावर डिसेंबरात, उरलेली केळीच्या कटाईनंतर. गावाकडच्या क्लासवाल्यांना शेतकऱ्याच्या हातात पैसा कधी येतो हे ठाऊक असतं, मागितलं तर देतात.