हर्बल टी पिऊन शरीर आतून साफ होतं का? कोणता प्यावा आणि किती दिवस?

तुम्ही विचारलंय की पोट सतत जड वाटतं, अंगात सुस्ती असते, तर उपास वगैरे न करता नुसत्या हर्बल टीने शरीराची हलकी सफाई करता येईल का, आणि करायची तर कोणता चहा किती दिवस प्यायचा. मी स्वतः रोज असा चहा पिते आणि आवडीने पिते. तुम्हीही जरूर प्या. फक्त सफाईचं काम त्याच्यावर सोपवू नका, आणि विकत घेताना पाकिटावर सोनामुखी (जुलाब करणारी वनस्पती) लिहिलेली आहे का ते आधी बघा.

सफाई शरीरात चोवीस तास चालूच असते. मूत्रपिंडं दिवसाला साधारण १८० लिटर द्रव गाळतात, त्यातला जवळजवळ सगळा रक्तात परत घेतात आणि उरलेला दीड-दोन लिटर लघवी म्हणून बाहेर टाकतात. अमोनियासारख्या विषारी पदार्थाचा युरिया यकृत करतं. औषधं, दारू, नको असलेली रसायनं यांचं रूप बदलून ती लघवीतून किंवा पित्तातून बाहेर काढता येतील अशी व्यवस्थाही तेच लावतं. पानाफुलांच्या चहाने हे काम जास्त जोरात होतं, याचा भरवशाचा पुरावा नाही. पाकिटांवर ‘टॉक्सिन्स बाहेर काढतो’ असं छापलेलं असतं, पण कोणतं टॉक्सिन त्याचं नाव नसतं. नावच नसेल तर ते गेलं की राहिलं हे तपासणार कसं?

तरीही हा चहा पिऊन बरं वाटतं, आणि ते वाटणं खोटं नाही. एक तर पोटात पाणी जास्त जातं. ज्यांचं दिवसभरातलं पाणी कमी पडतं त्यांना शौचाला साफ होत नाही, डोकं जड राहतं, आणि थोडंफार पाणी वाढलं तरी फरक जाणवतो. दुसरं म्हणजे साखर घातलेल्या एखाद-दोन पेयांच्या जागी बिनसाखरेचा कप येतो. माझ्या मते खरा फायदा इथेच आहे. त्याखेरीज आल्याने मळमळ कमी होते. पुदिन्याने आतड्याचे स्नायू सैलावतात, म्हणून गॅसने पोट ताणलं असेल तर आराम पडतो. पण जठराच्या तोंडाची झडपही त्यानेच सैल होते, तेव्हा छातीत जळजळत असेल तर पुदिना नको.

तुमच्या जड पोटासाठी मी बडीशेपेने सुरुवात करायला सांगेन. एक चमचा बडीशेप खलबत्त्यात जराशी ठेचा. पूड करू नका, दाणा फुटला की पुरे. वर उकळतं पाणी ओता आणि लगेच झाकण ठेवा. सात-आठ मिनिटांनी झाकण उचललंत की त्याच्या आतल्या बाजूला थेंब जमलेले दिसतील. त्यांचा वास घेऊन बघा, कपापेक्षा तिथेच जास्त घमघमाट असतो, कारण बडीशेपेचं तेल वाफेबरोबर वर येतं. ते थेंब कपातच झटकायचे. उघड्यावर उकळत ठेवलेल्या चहाची चव फिकी लागते ती यामुळेच. आणि पिताना घाई नको: जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये ६५ अंश सेल्सिअसच्या वरची अतिगरम पेयं ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात घातली आहेत. अन्ननलिकेला चटका बसत राहणं हे त्यामागचं कारण.

आता सोनामुखी. ‘डिटॉक्स’, ‘स्लिम’, ‘फ्लॅट टमी’ अशा नावाच्या बऱ्याच चहांमध्ये ती असते. घटकांच्या यादीत कधी सोनामुखी लिहितात, कधी सेन्ना. हा सरळसरळ जुलाब आहे. रात्री घेतला की सहा ते बारा तासांत मोठं आतडं ढवळून निघतं, सकाळी पोट मोकळं होतं, वजनकाटाही थोडा खाली येतो, आणि शरीर धुऊन निघालं असं वाटतं. जातं ते पाणी आणि मळ. खाल्लेल्या अन्नातल्या कॅलरी त्याआधीच लहान आतड्यात शोषल्या गेलेल्या असतात, त्यामुळे चरबी तेवढीच राहते. बद्धकोष्ठावर थोडे दिवस घ्यायला हे औषध चांगलं आहे. सफाई म्हणून आठवड्याच्या वर रोज घेत राहिलं तर पोटॅशियम घसरतं, पायात गोळे येतात, आणि त्याच्याशिवाय शौचाला होईनासं वाटू लागतं. हलकी सफाई या नावाखाली कोणी हे विकत असेल तर मला त्याचा खरंच राग येतो, कारण घेणाऱ्याला आपण जुलाब घेतोय हे माहीतच नसतं.

ज्येष्ठमध चवीला गोड म्हणून पुष्कळ मिश्रणांत घालतात. रोज भरपूर पोटात गेलं तर रक्तदाब वाढतो, पोटॅशियम कमी होतं. लाल हिबिस्कसच्या चहाने उलट रक्तदाब थोडा उतरतो, म्हणजे रक्तदाबाची गोळी चालू असेल तर डॉक्टरांच्या कानावर घाला. रक्त पातळ करणारी औषधं, मूत्रपिंडाचा आजार, गरोदरपण यांपैकी काही असेल तर पाकीटच डॉक्टरांना नेऊन दाखवा. रक्तात लोह कमी असेल तर हर्बल चहा जेवणाबरोबर न घेता तासाभराने घ्या.

किती दिवस, याला काही कोर्स नाही. साधा बडीशेपेचा, आल्याचा किंवा पुदिन्याचा चहा दिवसातून दोन-तीन कप, जोवर आवडतोय तोवर. पण पोटाचा जडपणा आणि थकवा दोन-तीन आठवड्यांनीही तसाच राहिला तर चहा बदलून बघत बसू नका, हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि साखर तपासून घ्या. डोळे पिवळे दिसले किंवा लघवी गडद चहासारखी झाली तर सगळी मिश्रणं त्याच दिवशी बंद करून डॉक्टरांकडे जा.