ओट्याखालची नळी आणि वायर : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ओट्याच्या ग्रॅनाइटमध्ये हॉब, म्हणजे ओट्यात बसणारी गॅसची शेगडी, बसवला आहे. सिलिंडर खालच्याच ट्रॉलीत राहतो आणि हॉबच्या लायटरसाठी सुतार त्याच कप्प्यात सॉकेट द्यायचे म्हणतो. चालेल का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : सॉकेट त्या कप्प्यात मुळीच नको. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळला की तळाशी साचून राहतो, आणि तिथेच बटण दाबले तर एका ठिणगीने पेट घेतो. सॉकेट ओट्याच्या वर, बर्नरपासून बाजूला घ्या आणि हॉबची वायर शेजारच्या कप्प्यातून वर काढा. ती गॅसच्या नळीला गुंडाळलेली नको, हॉबच्या तापणाऱ्या तळालाही टेकायला नको. काही हॉबना लायटरसाठी फक्त दीड व्होल्टचा सेल लागतो. तुमचा तसा असेल तर सॉकेटचा प्रश्नच मिटतो.

प्लग तीन पिनांचा असेल तर अर्थिंगची पिन कापून तो दोन पिनांच्या सॉकेटात बसवू नका. हॉबचे अंग पत्र्याचे असते. वायरचे आवरण खरचटले तर करंट त्यात उतरतो आणि अर्थिंग नसेल तर हात लावणाऱ्याला झटका बसतो.

आता नळी. आयएसआय छापाची, आतून तारेची जाळी असलेली केशरी सुरक्षा नळीच घ्या, साधी रबरी नको. बहुतेक हॉबचे गॅसचे तोंड मागे किंवा खाली असते. तिथे पितळी एल्बो (काटकोनी जोड) बसवला की नळी मुडपत नाही. नळीचे टोक नोझलच्या (नळी जिच्यावर चढते त्या तोटीच्या) सगळ्या खाचा झाकेपर्यंत आत जायला हवे. जात नसेल तर कोमट पाण्यात बुडवून मऊ करा, तेल लावू नका. नळी लांबीला पुरत नसेल तर दोन नळ्या जोडू नका आणि ती भिंतीतूनही नेऊ नका. गॅस एजन्सीच्या मेकॅनिककडून तांब्याची पाइपलाइन करून घ्या. नळीवर छापलेले वर्ष पाहा. पाच वर्षे झाली की ती वरून धडधाकट दिसली तरी बदलायची. सिलिंडर उभाच ठेवा आणि ट्रॉलीच्या दाराला खाली-वर जाळी ठेवा.

जोडून झाले की हॉबच्या सगळ्या खुंट्या बंद करून रेग्युलेटर चालू करा. भांडी घासायच्या लिक्विडचा फेस ब्रशने रेग्युलेटरच्या मानेला, नळीच्या दोन्ही टोकांना आणि एल्बोच्या आट्यांना लावा. मिनिटभर नीट पाहा. फेसात फुगा वाढत गेला तर तिथे गळती आहे. काडी पेटवून कधीही तपासू नका.

वास आलाच तर कोणतेही बटण चालू करू नका, बंदही करू नका, प्लगही उपसू नका. रेग्युलेटर बंद करा, दारे-खिडक्या उघडा आणि बाहेर जाऊन १९०६ हा एलपीजी गळतीचा मदत क्रमांक लावा. तो चोवीस तास चालू असतो.

प्रश्न : सोसायटीत पाइप गॅस आला. जुनाच हॉब जोडला तर ज्योत बारीक येते. जेटचे (बर्नरला गॅस सोडणाऱ्या बारीक तोटीचे) भोक मोठे करून घेऊ का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : नको. एलपीजी साधारण ३० मिलिबार दाबाने येतो, पाइप गॅस २१ च्या आसपास. शिवाय तेवढ्याच आकारमानात पाइप गॅसची उष्णता निम्म्याहून कमी. म्हणून त्याला मोठ्या भोकाचे जेट लागतात. पण ते भोक अचूक मापाचे असते. घरी ड्रिल मारले की ते वेडेवाकडे होते, ज्योत पिवळी पडते, भांड्याला काजळी धरते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. गॅस कंपनीच्या माणसाकडून पीएनजीचे (म्हणजे पाइप गॅसचे) जेट बसवून घ्या. जुने जेट पुडीत बांधून जपून ठेवा. घर बदलून पुन्हा सिलिंडरवर आलात तर तेच लागतील. पीएनजीचे जेट तसेच ठेवून सिलिंडर जोडला तर ज्योत भडकते. पाइप गॅस हवेपेक्षा हलका असतो, त्यामुळे वरची हवा जायला वाट ठेवा.

प्रश्न : हॉबच्याच सॉकेटवर इंडक्शन लावले तर? (एक वाचक, पणजी)

उत्तर : लायटरसाठी ६ अँपिअरचे सॉकेट पुरते. २००० वॅटचे इंडक्शन जवळजवळ ९ अँपिअर ओढते. सॉकेट तापते, पिना काळ्या पडतात, शेवटी प्लास्टिक वितळते. इंडक्शनला १६ अँपिअरचे स्वतंत्र सॉकेट, २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, तिचा वेगळा एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप बंद होणारा स्विच) आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) द्या. एक्स्टेन्शन बोर्ड नको.

प्रश्न : ओटा धुतल्यावर हॉबच्या लायटरची टकटक थांबत नाही. (एक वाचक, सांगली)

उत्तर : खुंटीखालच्या स्विचमध्ये पाणी गेले आहे. गॅस बंद करा, प्लग किंवा सेल काढा, खुंट्या वर ओढून कोरड्या फडक्याने पुसा आणि रात्रभर वाळू द्या. तरीही टकटक चालूच राहिली तर स्विचची माळ (सगळ्या खुंट्यांखालचे, एकाच वायरने जोडलेले स्विच) बदलावी लागेल.