टेस्ट अडकली? लगेच मारू नका

प्रश्न: पायथॉनमधे लिनक्सवर एक प्रोग्रॅम लिहिलाय, मोठी डेटा फाइल घेतो आणि प्रत्येक रेकॉर्डची एक छोटी फाइल बनवतो. टेस्टमधे तो सबप्रोसेसने सुरू करतो, एरर आउटपुट पाइपमधे (एका प्रोग्रॅमचं आउटपुट दुसऱ्याकडे नेणारी नळी) घेतो, वेट करतो आणि संपला की ते आउटपुट तपासतो. ही टेस्ट एकटी चालवली की २ सेकंदात पास. सगळ्या एकत्र चालवल्या की इथेच हँग, ना एरर ना काही, शेवटी कंट्रोल-सी. फोल्डरमधे बघितलं तर ९०० च्या आसपास फाइल्स झालेल्या असतात, दर वेळी तेवढ्याच. कुठे अडकतोय ते कळावं म्हणून प्रत्येक रेकॉर्डला लॉगची अजून एक ओळ टाकली तर आता ४५० लाच थांबतो! टाइमआउट वाढवला, रॅम वाढवली, काही फरक नाही. टीममधले म्हणतात इन्फिनिट लूप असणार.

उत्तर: रॅम उगाच वाढवलीत. लूपचं आधी मिटवून टाकू. हँग झाला की दुसऱ्या टर्मिनलमधे टॉप (कोण किती सीपीयू खातंय ते दाखवणारी कमांड) लावा, लूपमधे गरगर फिरणारा प्रोग्रॅम एक कोअर अख्खा खातो, सीपीयू १०० टक्क्यांच्या आसपास दिसतो. तुमचा शून्यावर बसलेला दिसेल अशी माझी पैज. म्हणजे तो फिरत नाहीये, कोणाची तरी वाट बघत थांबलाय.

आता कोणाची? याचं उत्तर तुम्हीच पत्रात लिहून पाठवलंय, फक्त तुमच्या लक्षात आलं नाही. दर वेळी ९००, आणि लॉगच्या ओळी डबल केल्या तर बरोब्बर निम्म्यावर. थ्रेड्सच्या (एकाच प्रोग्रॅममधे एकत्र चालणारी कामं) लॉकची भानगड असती तर कधी ३०० ला अडकला असता कधी ८०० ला, आणि एखादा प्रिंट टाकला की टायमिंग बदलून बग गायबच झाला असता (हा अनुभव ज्याला नाही त्याने अजून थ्रेड्स वापरलेले नाहीत). तुमचा बग इतका शिस्तीचा आहे की तो चक्क लॉगचे बाइट मोजतोय.

लिनक्समधे पाइपमधे बाय डीफॉल्ट ६५,५३६ बाइट मावतात. त्याला ९०० ने भागा, ७२-७३ येतात. तुमच्या लॉगची एक ओळ घ्या आणि अक्षरं मोजा, सत्तरीच्या घरात निघाली पाहिजे. होतंय काय की आतला प्रोग्रॅम एरर आउटपुटवर लॉग ओततोय, तुमची टेस्ट ते वाचायचं सोडून वेट करत बसलीय, पाइप भरला की कर्नल (लिनक्सचा गाभा) आतल्याला म्हणतं थांब, जागा झाली की लिही, आणि जागा होणार कधी तर टेस्टने वाचल्यावर, आणि टेस्ट वाचणार कधी तर आतला संपल्यावर. झाला डेडलॉक, दोघं एकमेकांची वाट बघत कायमचे अडकले. दोघंही आपापल्या जागी बरोबर, म्हणूनच एरर कुठेच नाही. पायथॉनच्या डॉक्युमेंटेशनमधे वेटच्या खाली याची वॉर्निंग स्पष्ट लिहिलीय, पण ती आपण अडकल्यावरच वाचतो, मीही तसाच वाचली.

माझ्यावर विश्वास ठेवू नका, खात्री करा. पुढच्या वेळी हँग झाला की कंट्रोल-सी दाबायची घाई नको, मारलात की पुरावा गेला. दोन्हींचे प्रोसेस आयडी घ्या आणि एकेकाला एसट्रेस (प्रोग्रॅम कर्नलकडे काय मागतोय ते दाखवणारं टूल) लावा. आतला प्रोग्रॅम राइटवर अडकलेला दिसेल, पहिलाच आकडा २, म्हणजे एरर आउटपुट. टेस्टवाला वेट४ वर, म्हणजे आतला संपायची वाट बघताना. ओळी एवढ्याच, पुढे काही सरकणार नाही.

मग एकटी चालवल्यावर पास का? तिथे लॉगच कमी पडत असणार. माझा संशय असा की आधीची कुठलीतरी टेस्ट एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (प्रोग्रॅमला बाहेरून मिळणारं सेटिंग) लावून लॉग लेव्हल डीबगवर, म्हणजे बारीकसारीक सगळं लिहिण्यावर, नेते आणि परत आणत नाही, आतल्या प्रोग्रॅमला ते वारशात मिळतं. अर्ध्या अर्ध्या टेस्ट आधी चालवून बघा, थोड्याच फेऱ्यांत ती टेस्ट सापडेल. तिथे पायटेस्टचा (पायथॉनच्या टेस्ट चालवणारं टूल) मंकीपॅच वापरून व्हेरिएबल सेट करा, टेस्ट संपली की ते आपोआप पूर्ववत होतं.

मूळ दुरुस्ती मात्र एका ओळीची: वेटच्या जागी कम्युनिकेट. ते वाचतही राहतं आणि थांबतंही. सगळं आउटपुट मेमरीत धरतं, त्यामुळे लॉग शेकडो एमबीचा असेल तर सरळ फाइलमधे वळवा. नुसती लॉग लेव्हल कमी करून टेस्ट हिरवी केलीत तर डेटा वाढला की हेच पत्र परत लिहाल.

प्रश्न: आमची टेस्ट रात्री सर्व्हरवर हँग होते, तासाभराने सिस्टिम ती मारून टाकते आणि सकाळी हातात काहीच नसतं. एसट्रेस लावायला तिथे कोण बसणार?

उत्तर: कोणी बसायची गरज नाही. पायटेस्ट वापरत असाल तर सेटिंगमधे फॉल्टहँडलर टाइमआउट ३०० सेकंद टाका, एखादी टेस्ट त्याहून जास्त वेळ चालली की सगळ्या थ्रेड्सचा स्टॅक (कोण कुठल्या फंक्शनमधे आहे त्याची यादी) लॉगमधे छापला जातो, टेस्ट मरत नाही. जावा असेल तर मारायच्या आधी जेस्टॅक (जावाचा असाच स्टॅक काढणारी कमांड) चालवणारी छोटी स्क्रिप्ट लावा, आणि १० सेकंदांच्या अंतराने तीन वेळा घ्या. तिन्ही डंप सारखेच आले तर बहुतेक अडकलीय, वेगवेगळे आले तर बिचारी नुसती स्लो आहे आणि तुम्ही तिला रोज रात्री विनाकारण मारताय.