पट्टा पडल्यावर दाखवू का? स्तनाच्या कॅन्सरवर तुमचे प्रश्न

स्तनाच्या कॅन्सरबद्दल बरेच मेसेज आलेत, त्यातले काही घेतोय. नावं टाकत नाही.

जाऊबाईंच्या छातीत बोराएवढी गाठ आहे, दुखत नाही. मुकादमाची उचल (आगाऊ पैसे) घेतलीय, दसऱ्यानंतर ऊसतोडीला कारखान्यावर जायचंय. पट्टा पडल्यावर, म्हणजे ऊसाचा हंगाम संपल्यावर दाखवलं तर चालंल का? (केज)

नाही चालणार ताई. टोळी गेली की परत यायला मार्च-एप्रिल उजाडतो, तेवढ्या महिन्यांत बोराएवढी गाठ काखेपर्यंत जाऊ शकते आणि मग ऑपरेशन, केमो सगळंच वाढतं. दुखत नाही म्हणून तर बाया थांबतात, पण कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुतेक वेळा दुखतच नाही. घाबरूही नका, बहुतेक गाठी साध्याच निघतात, फक्त ते घरी बसून ठरत नाही, सोनोग्राफी-मॅमोग्राफी (स्तनाचा एक्स-रे) आणि सुईची तपासणी लागते. निघायच्या आधी करून घ्या. मुकादमाला काय सांगायचं ते घरातल्या पुरुषांनी बघावं, बाईवर टाकू नये.

आणि गावातल्या बाकीच्या बायांना पण सांगा, तिशीच्या पुढच्या बाईची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात फुकट होते, आशाताईंना विचारा. नुसत्या हातानं तपासून काय होणार असं म्हणू नका. मुंबईत टाटा हॉस्पिटलनं दीड लाख बायांवर २० वर्षं अभ्यास केला, शिकवून तयार केलेल्या साध्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हातानं तपासायच्या, तर पन्नाशीच्या पुढच्या बायांमधले मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आत तेवढा फरक दिसला नाही, पण त्या वयात गाठ लागली तर थांबायचं नाहीच.

अमेरिकेत बाया बऱ्या होतात मग आपल्याकडंच का दगावतात? आपला कॅन्सर वेगळा असतो का? (परभणी)

थोडा वेगळा असतो दादा. आपल्याकडं कमी वयात होतो आणि ट्रिपल निगेटिव्ह नावाचा चिवट प्रकार जास्त सापडतो. पण सगळा दोष त्याच्यावर ढकलू नका. २०१०-१४ मध्ये निदान झालेल्या बायांपैकी पाच वर्षं जगलेल्या अमेरिकेत ९० टक्के होत्या, भारतात ६६. एवढी दरी निव्वळ पेशींमुळं पडत नाही. आपल्याकडं निम्म्याहून जास्त बाया तिसऱ्या-चौथ्या स्टेजला येतात, आणि आल्या तरी उपचार अर्ध्यात सुटतात. जागतिक आरोग्य संघटनेनं तीन आकडे ठरवलेत: ६० टक्के बाया पहिल्या-दुसऱ्या स्टेजला सापडाव्यात, दाखवल्यापासून ६० दिवसांत निदान व्हावं, आणि ८० टक्के बायांचे उपचार पूर्ण व्हावेत. यातला एकही आकडा नुसत्या भारी औषधानं गाठता येत नाही. रेडिएशन, म्हणजे लोक लाईट म्हणतात ते, रोज द्यावं लागतं, तीन ते पाच आठवडे. किनवटच्या बाईनं त्यासाठी संभाजीनगरला नाहीतर बार्शीला राहायचं कुठं, मागं लेकरं कोण बघणार, याचं उत्तर कुठल्याच प्रिस्क्रिप्शनवर नसतं.

सुई मारली की कॅन्सर पसरतो म्हणतात, खरं का? (औसा)

खोटं. सुईनं पसरत नाही. उलट मला भीती वाटते ती न तपासता "छोटीशी गाठ आहे, काढून टाकू" म्हणून घाईत केलेल्या ऑपरेशनची, त्यात गाठ अर्धवट निघते आणि कधीकधी तपासायला पण पाठवत नाहीत. आधी बायोप्सी (सुईनं गाठीचा तुकडा काढून तपासणी), मग ईआर, पीआर (कॅन्सर हार्मोनवर वाढतो का ते), हर-टू हे तीन रिपोर्ट, त्यावर ठरतं कुठलं औषध चालणार ते. गाठ मोठी असली तर केमो आधी आणि ऑपरेशन नंतर. स्लाईड आणि ब्लॉक (गाठीच्या तुकड्याचे जपलेले नमुने) लॅबमधून मागून घ्या, जपून ठेवा, दुसऱ्या डॉक्टरकडं गेलात तर लागतात.

आईचं सगळं झालं, आता टॅमॉक्सिफेन चालू आहे. अंगाची लाही होते, दोन वर्षं झाली, बंद करू का? (उमरगा)

मनानं बंद करू नका. कॅन्सर ईआर पॉझिटिव्ह, म्हणजे हार्मोनवर वाढणारा असेल, तर ही गोळी पाच वर्षं घेतली की मृत्यूचा धोका साधारण एक तृतीयांशानं कमी होतो, आणि गोळी स्वस्त आहे. लाही होण्यावर इलाज आहे, डॉक्टरांना सांगा. पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसलं तर मात्र लगेच दाखवा.

झाडपाल्याचं औषध सोबत चालतं का?

केमो चालू असताना नको. लिव्हरवर ताण येतो.

पैशाचं काय? (हिंगोली)

महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात, रेशनकार्ड आणि आधार घेऊन हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला (योजनेचं काम बघणाऱ्या माणसाला) भेटा, भरती व्हायच्या आधी भेटा. जाण्यायेण्याचा खर्च आणि बुडालेली मजुरी मात्र योजनेत नाही, आणि माणसं तिथंच मोडतात. उपचाराला जाणाऱ्या पेशंटला रेल्वेत स्लीपरचं तिकीट माफ असतं, सोबतच्या माणसाला ७५ टक्के सूट असते. देवगिरीनं नाहीतर नंदिग्रामनं मुंबईला जाणार असाल तर त्यासाठी हॉस्पिटलचा सही-शिक्क्याचा फॉर्म लागतो, तो पहिल्याच भेटीत मागून घ्या.