उपग्रह दीड वाजता बघतो, ओझोनचा आकडा चहाच्या वेळेला हातात

या वेळी ओझोनवर तीन पत्रं आलीत. तिन्ही पुण्यातली आणि तिन्ही वेगळ्या कोनातनं विचारलेली, म्हणून एकत्रच घेतेय. पहिल्याचं उत्तर लांबलंय, पण प्रश्नच तसा होता.

कोथरूडहून एक वाचक विचारतात: ताई, नमस्कार. रिटायर झाल्यापासून हवामानाचे नकाशे बघायचा नाद लागलाय. युरोपच्या सेंटिनेल उपग्रहाचा ओझोनचा नकाशा रोज बघतो, पुण्याच्या चौकोनावर बोट ठेवलं की आकडा दिसतो. एप्रिलमधे एका दिवशीचा आकडा २६६ असा वहीत लिहून ठेवला होता, पुढे दोन-तीन आठवड्यांनी त्याच तारखेचं परत बघितलं तर २६९! मग आधीचा खोटा होता का? आणि मुळात एवढ्या वरनं ओझोन मोजतात कसा, आणि तोही त्याच दिवशी?

काका, नमस्कार. तुम्ही वहीत लिहून ठेवलंत आणि परत जाऊन ताडून बघितलंत, हे वाचूनच फार बरं वाटलं, कारण बहुतेक जण आकडा बघतात आणि विसरतात.

आधी २६६ म्हणजे काय ते. हे डॉबसन युनिट. पुण्याच्या डोक्यावरचा सगळा ओझोन, जमिनीपासून पार वरपर्यंतचा, खाली आणला आणि शून्य अंश तापमान नि समुद्रसपाटीच्या दाबाला पसरला, तर त्याचा थर २.६६ मिलीमीटर होईल. १०० युनिट म्हणजे एक मिलीमीटर. म्हणजे भाकरीएवढा जाड पण नाही, आणि एवढ्याशा थरावर आपलं सगळं चाललंय.

आता मोजतात कसा. तुम्ही म्हणताय तो उपग्रह सेंटिनेल-५पी, १३ ऑक्टोबर २०१७ ला सोडला, त्यावर ट्रोपोमी नावाचं यंत्र आहे. साधारण ८२४ किलोमीटर उंचीवरनं दिवसातनं चौदा फेऱ्या मारतो आणि जिथून जातो तिथे घड्याळात दुपारचा दीडच्या आसपास असतो, पुण्यावरही तसंच. हे यंत्र ओझोन 'बघत' नाही, ते खालून परत येणारा उजेड बघतं. सूर्याचं अतिनील खाली येतं, हवेत विखुरतं, त्यातलं काही परत वर जातं आणि जाता-येता ओझोन त्यातला काही भाग गिळतो. पण सगळ्या तरंगलांबी सारख्या गिळत नाही, ३२५ ते ३३५ नॅनोमीटरच्या पट्ट्यात बघितलं तर एक जास्त गिळतो, शेजारची कमी, पुढची परत जास्त, असे चढउतार असतात आणि ते फक्त ओझोनचेच, दुसऱ्या कुठल्या वायूचे तसे नाहीत. यंत्र साधारण दिवसातनं एकदा थेट सूर्याकडे बघून घेतं, म्हणजे ओझोनने हात न लावलेला उजेड कसा असतो ते कळतं, मग दोन्हींची तुलना केली की चढउतार किती खोल आहेत त्यावरनं ओझोन किती ते निघतं.

पण इथे एक अडचण. कोकम सरबताचा ग्लास सरळ वरनं बघितला तर रंग एक दिसतो आणि तिरका बघितला तर जास्त गडद, सरबत तेवढंच असलं तरी. सूर्य तिरका असतो, उपग्रहही पट्ट्याच्या कडेला तिरका बघतो, तेव्हा आधी मिळतो तो तिरक्या वाटेवरचा ओझोन, मग भूमितीचा हिशोब करून त्याचा सरळ उभा आकडा काढावा लागतो. आणि मधे ढग आला तर त्याच्या खालचा ओझोन दिसतच नाही, तेवढा अंदाजाने भरतात. पावसाळ्यात आपल्याकडे हे रोजचंच, पण ओझोनचा मुख्य साठा ढगांच्या खूप वर, पंचवीस किलोमीटरच्या आसपास असल्याने अंदाजाने भरायचा भाग थोडाच असतो.

आता तुमचा मुख्य मुद्दा, त्याच दिवशी कसा. उपग्रह ध्रुवाजवळनं जाताना माहिती खाली सोडतो, त्यासाठी नॉर्वेच्या स्वालबार्डला आणि कॅनडातल्या इनुविकला अँटेना आहेत, तिथनं ती जर्मनीत ओबरफाफनहोफेनला जाते, तिथे हिशोब होतो आणि उपग्रहाने बघितल्यापासून तीन तासांच्या आत आकडा बाहेर पडतो. म्हणजे पुण्यावर दीडला बघितलं तर साडेचारपर्यंत, चहाच्या वेळेला. या घाईत काय होतं, तर ज्या माहितीसाठी थांबायला लागलं असतं तिच्यासाठी थांबत नाहीत, हवामानाचा अंदाज हाताशी असतो तोच वापरतात, हिशोबाची पद्धतही जरा सुटसुटीत आणि वेगवान. नंतर काही दिवसांनी सगळं सावकाश परत मोजतात, जास्त बारीक पद्धतीने, आणि तो आकडा पक्का.

आपल्याकडे दुकानदार रात्री गल्ला मोजून रोजमेळात आकडा टाकतो आणि पुढे सगळी बिलं जुळवून खतावणीत पक्की नोंद करतो ना, तसंच. रोजमेळ खोटा नसतो काका, त्याचं काम वेगळं असतं. २६६ चा २६९ म्हणजे एक टक्क्याच्या आसपास फरक, या मोजणीत तेवढी चूक धरलेलीच असते. पण वहीत पुढच्या वेळेपासून आकड्याशेजारी 'तात्काळ' की 'पक्का' ते नक्की लिहा, नाहीतर वर्षाने बघाल तेव्हा घटलाय की नुसती पद्धत बदललीय ते कळणार नाही.

मग घाई कशाला? यावर मला मनापासून बोलायचंय. १९७८ पासून नासाच्या निंबस-७ उपग्रहावर टॉम्स नावाचं यंत्र होतं, ते अंटार्क्टिकावरचा ओझोन रोज मोजत होतं. आकडे कमी येत होते, पण १८० च्या खालच्या आकड्यांवर 'संशयास्पद' अशी खूण लागायची, आणि दक्षिण ध्रुवावरच्या जमिनीवरच्या यंत्राशी ताडलं तर ते ३०० दाखवत होतं, नंतर कळलं की चुकत होतं ते जमिनीवरचंच. त्यात माहिती हाताळायला महिनोन् महिने लागायचे. त्या टीममधे आपल्याकडनं गेलेले पवन भरतिया होते आणि १९८५ मधे त्यांनी ही घट एका परिषदेत मांडलीसुद्धा, पण त्याआधी मे महिन्यात फार्मन, गार्डिनर आणि शँकलिन या तिघा ब्रिटिश शास्त्रज्ञांनी अंटार्क्टिकावरच्या हॅली बे या तळावरच्या, जमिनीवरच्या यंत्राचे आकडे छापले होते आणि जगाला ओझोनचं छिद्र कळलं ते त्यांच्याकडनं. माहिती वर होती, वेळेत डोळ्यांपुढे आली नाही. ओझोन खाणारी रसायनं थांबवायचा १९८७ चा माँट्रियल करार त्यानंतरचा, १६ सप्टेंबरचा, म्हणून ओझोन दिवस त्या तारखेला.

याच्या उलट २००२ चा सप्टेंबर. अंटार्क्टिकावरची वरची हवा अचानक तापली आणि छिद्राचे चक्क दोन तुकडे झाले, असं आधी कधी बघितलं नव्हतं. पण तेव्हा गोम नावाच्या यंत्राचे आकडे काही तासांत मिळत होते आणि ते हवामानाच्या मॉडेलमधे घालून साधारण आठवडाभर आधी अंदाज आला होता की हे फुटणार. एकीकडे काही वर्षं, दुसरीकडे आठवडाभर आधी! तात्काळ आकड्याची किंमत मला इथे दिसते. आज रोजचा अतिनीलचा अंदाज जो मोबाईलवर बघतो तोही याच तात्काळ ओझोनवर चालतो.

आणि काका, जमिनीवरची यंत्रं यात मागे पडली असं समजू नका, ती पुण्यात आहेत आणि उपग्रहाला त्यांच्यापुढे उत्तर द्यावं लागतं. डॉबसनचं यंत्र मी जवळनं बघितलंय, माणसाच्या उंचीएवढी लांब आडवी पेटी, वर एक भिंग-आरशाची नळी सूर्याकडे वळवलेली, आणि निरीक्षक एक मोठी गोल तबकडी हळूहळू फिरवतोय, डोळा मीटरच्या काट्यावर, काटा शून्यावर थरथरत थांबला की तबकडीवरचा आकडा वाचायचा. दोन तरंगलांबींच्या उजेडाची ती तुलना असते, उपग्रह करतो तीच गोष्ट, फक्त खालून आणि हाताने. काटा स्थिर व्हायची वाट बघताना त्यांनी श्वास रोखून धरलेला मला आठवतो. हवामान खात्यात अॅना मणी पुण्याला होत्या, त्यांनी इथे यंत्रांचं काम उभं केलं आणि ओझोन मोजायचा भारतीय 'ओझोनसाँड' बनवला, म्हणजे फुग्याला बांधून सोडायची पेटी, तिच्यात पोटॅशियम आयोडाइडचं द्रावण, छोटा पंप हवा आत ओढतो, ओझोन आला की द्रावणात किंचित वीज वाहते आणि ती रेडिओने खाली कळते. उपग्रह सगळ्या थराची बेरीज सांगतो, फुगा सांगतो कुठल्या उंचीला किती. स्वतःचं असं यंत्र बनवणारे देश तेव्हा बोटावर मोजण्याएवढे होते.

सिंहगड रोडवरनं एक शिक्षिका विचारतात: शाळेत शिकवते की ओझोन आपलं रक्षण करतो आणि मे महिन्यात अॅपवर बघते तर दुपारी ओझोन वाढलाय, बाहेर जाऊ नका. मुलं विचारतात मॅडम नक्की काय? आणि हा आकडा उपग्रहाचाच असतो का?

ताई, मुलांचा प्रश्न एकदम बरोबर. वायू तोच, जागा वेगळी. एकूण ओझोनपैकी साधारण दहा टक्के खालच्या हवेत असतो आणि नाकात जातो तो त्यातलाही अगदी तळाचा. गाड्यांचा धूर, त्यातले नायट्रोजनचे ऑक्साईड आणि पेट्रोल-रंग-सॉल्व्हंटची वाफ यावर कडक ऊन पडलं की तो तयार होतो, म्हणून दुपारी चढतो, मार्च ते मे जास्त आणि पाऊस लागला की उतरतो. गंमत म्हणजे अगदी सिग्नलला, जिथे ताजा धूर निघतोय, तिथे तो कमीच असतो, कारण धुरातला नायट्रिक ऑक्साईड त्याला खातो, आणि वाऱ्याने शहराबाहेर गेल्यावर तिकडे वाढतो. तेव्हा झाडीतली उपनगरं सुरक्षित असं धरू नका.

अॅपवरचा आकडा उपग्रहाचा नसतो, जमिनीवरच्या केंद्रांचा असतो, पुण्यात हवेची गुणवत्ता मोजणारी 'सफर'ची केंद्रं आहेत, पाषाणच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने उभी केलेली. आपल्याकडे आठ तासांच्या सरासरीची मर्यादा १०० मायक्रोग्रॅम दर घनमीटर आहे. वरनं तळाचा ओझोन वेगळा काढणं अवघड, कारण मधे नव्वद टक्क्यांचा थर आहे, जाड पडद्यामागच्या मेणबत्तीचा उजेड मोजण्यासारखं ते. उपग्रहाचा एक चौकोन साडेपाच बाय साडेतीन किलोमीटरचा, त्यात तुमची शाळा, नदी, हायवे सगळं एकत्र. मुलांना वर्गात दोन आकडे फळ्यावर शेजारी लिहून दाखवा, डोक्यावरचा डॉबसन युनिटमधे आणि नाकाजवळचा मायक्रोग्रॅममधे, एकके वेगळी दिसली की ती आपणहून विचारतील.

आणि हे पण सांगा, मे च्या तेरा-चौदा तारखेला पुण्यात दुपारी सावली पायाखाली जाते, सूर्य बरोबर डोक्यावर, त्या दिवसांत ओझोन नीट असला तरी अतिनील खूप असतं. ओझोन एक टक्का घटला तर कातडी भाजणारं अतिनील एक टक्क्याहून थोडंसंच जास्त वाढतं, त्यामुळे आपल्याकडे ऊन किती उभं आणि आभाळ किती मोकळं यानेच जास्त फरक पडतो. खेळाचा तास साडेबाराला ठेवू नका एवढं मुख्याध्यापकांना जरूर सांगा.

धनकवडीहून आठवीतला एक मुलगा विचारतो: पुण्यावर ओझोनचं छिद्र पडू शकतं का? आणि भारताचा उपग्रह ओझोन मोजतो का?

बाळा, नाही पडू शकत. छिद्र म्हणायला आकडा २२० च्या खाली जावा लागतो, आणि त्यासाठी वरच्या हवेत उणे ७८ च्या खाली थंडी, तिथे तयार होणारे खास ढग, आणि गोल फिरणारा वारा जो बाहेरची हवा आत येऊ देत नाही, हे सगळं लागतं, ते अंटार्क्टिकावर होतं. आपल्यावर थर मुळातच पातळ असतो, साधारण २४० ते २९०, कारण इथे तयार झालेला ओझोन वरच्या वाऱ्यांबरोबर ध्रुवांकडे जातो.

आणि हो, मोजतो! इन्सॅट-३डीएस, १७ फेब्रुवारी २०२४ ला श्रीहरिकोट्याहून गेला, त्यावर साउंडर आहे, तो सूर्याचा उजेड नाही तर पृथ्वीची उष्णता बघतो, ९.६ मायक्रॉनच्या आसपास ओझोन ती अडवतो. म्हणून त्याला रात्रही चालते, आणि एकाच जागी थांबलेला असल्याने परत परत बघतो. माहिती इस्रोच्या मॉसडॅक या वेबसाइटवर मिळते, बाबांना किंवा आईला सोबत घेऊन बघ. नकाशावरची वेळ यूटीसीत, म्हणजे ग्रीनिचच्या वेळेत असते, त्यात साडेपाच तास मिळवायचे विसरू नकोस.