परवानगीशिवाय तोडलेली झाडं आणि तिथे येणारा प्रकल्प: सुरुवात कुठून करायची

तुमचा प्रश्न असा: शेजारच्या प्लॉटवर शनिवारी रात्री वड, चिंच आणि दोन जांभळं तोडली, सोमवारी पत्रे ठोकले आणि अपार्टमेंटचा बोर्ड लागला. मागे अजून चार-पाच झाडं उभी आहेत. कॉलनीला प्रकल्पच रद्द करून हवाय, तर मोर्चा काढायचा की कोर्टात जायचं?

आधी बुंध्यांकडे जा, आणि आजच जा. कोल्हापूरला रस्त्यावर उतरायला शिकवावं लागत नाही, टोल घालवलेलं शहर आहे हे. पण मोर्चाची तयारी होईपर्यंत जेसीबी येतो, बुंधे मुळासकट उपटले जातात, खड्ड्यात मुरूम पडतो आणि मग "इथे झाडं होतीच कुठे?" असं तुम्हालाच विचारलं जातं.

प्लॉटमध्ये शिरू नका, अतिक्रमणाची उलटी तक्रार होते. शेजारच्या गच्चीवरून किंवा रस्त्यावरून फोटो घ्या, आणि चौकटीत विजेचा खांब, शेजारची इमारत, कंपाउंडची भिंत असं हलवता न येणारं काहीतरी येऊ द्या. तारीख, वेळ आणि ठिकाण फोटोवरच उमटवणारं अॅप वापरा. ताजा भुसा, कापाचा ओला रंग, ओंडके भरलेला टेम्पो आणि त्याची नंबरप्लेट, हे सगळं घ्या. बुंध्याचा घेर मात्र अधिकाऱ्यासमोर टेपने मोजून घ्यायचा. कापावरची वर्तुळं मोजून वय ठरवायच्या भानगडीत पडू नका. सागावर ती स्पष्ट दिसतात, वड-जांभळावर भरवशाची नसतात. वयासाठी गल्लीतल्या जुन्या लोकांचे सहीनिशी जबाब आणि गुगल अर्थवरची मागच्या वर्षांची चित्रं जास्त उपयोगी पडतात.

आता हद्द. आपल्याकडे हद्दवाढीचं घोंगडं इतकी वर्षं भिजत पडलंय की पाचगाव, कळंब्यासारख्या भागात राहणाऱ्यांनाही आपण शहरातच आहोत असं वाटतं. प्लॉट महापालिकेच्या हद्दीत असेल तर 1975 चा नागरी क्षेत्रातील झाडांचा कायदा लागतो आणि तक्रारीचा अर्ज वृक्ष अधिकाऱ्याकडे जातो. ग्रामपंचायतीच्या हद्दीत असेल तर 1964 चा वृक्षतोड विनियमन कायदा बघायचा, आणि अर्ज तहसीलदार व वनपरिक्षेत्र अधिकारी दोघांनाही द्यायचा. फरक मोठा आहे. 1964 च्या कायद्याला ठरावीक जातींची यादी आहे. साग, आंबा, फणस, चिंच, जांभूळ, हिरडा, चंदन, खैर अशी झाडं त्यात आहेत, वड-पिंपळ नाहीत. म्हणजे गावाच्या हद्दीत तुमची तक्रार चिंच आणि जांभळांवर उभी राहील. शहरात मात्र वडही तितकाच संरक्षित आहे, मालकाच्या स्वतःच्या जागेत असला तरी.

शहराच्या कायद्यात "तोडणे" या शब्दात जाळणं आणि कुठल्याही प्रकारे इजा करणंही येतं. उभ्या राहिलेल्या झाडांसाठी हे महत्त्वाचं आहे. बुंध्याची साल गोल सोलून काढणं, मुळाशी कचरा पेटवणं, फांद्या छाटायची परवानगी घेऊन खोडालाच हात घालणं, असले प्रकार आता सुरू होतील. रोज एक चक्कर मारा. घरटी दिसली तर वनविभागालाही कळवा. वन्यजीव कायद्यात संरक्षित पक्ष्यांची अंडी-घरटी उद्ध्वस्त करणं शिकारीत मोडतं.

परवानगी रीतसर असती तर वृत्तपत्रात जाहीर नोटीस आली असती, झाडावर नोटीस लागली असती, हरकतींसाठी सात दिवस मिळाले असते, आणि परवानगीनंतरही पंधरा दिवस झाडाला हात लावता आला नसता. अर्जात हे एकेक विचारा: नोटीस कधी, कुठल्या वृत्तपत्रात, झाडावर लावल्याचा फोटो कुठे? बांधकाम परवाना दाखवून बरेच जण गप्प करतात. तो परवाना म्हणजे झाडं तोडायची परवानगी नव्हे.

पंचनामा तुमच्यासमोर व्हावा असं लेखी मागा आणि सही करण्याआधी प्रत्येक ओळ वाचा. खरा खेळ इथे होतो. एका प्रकरणात भल्या थोरल्या जांभळाची नोंद "झुडूप" म्हणून आणि चिंचेची "सुबाभूळ" म्हणून झालेली मी पाहिली आहे. रहिवाशांनी सही नाकारून हरकत तिथेच हाताने लिहिली, म्हणून दुसरा पंचनामा झाला. दर पाच वर्षांनी वृक्षगणना करणं कायद्याने बंधनकारक आहे, तेव्हा त्या प्लॉटची नोंद माहिती अधिकारात मागा. उत्तरासाठी तीस दिवस थांबायचं नसेल तर सोमवारी दुपारी 3 ते 5 या वेळात महापालिकेत जाऊन अभिलेख पाहता येतात. पोलीस "महापालिकेचं पत्र आणा" म्हणतील, तरी अर्ज द्या आणि पोच घ्या. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाची नोंदणी झाली असेल तर मंजूर नकाशा तिथे बघायला मिळतो.

प्रकल्प रद्द होईल का? स्पष्ट सांगतो, बेकायदा वृक्षतोडीने बांधकाम परवाना आपोआप रद्द होत नाही. हाती लागू शकतं ते असं: कामाला स्थगिती, गुन्हा, उरलेल्या झाडांना संरक्षण, आणि नकाशा बदलून ती झाडं जागेवर ठेवणं. माझ्या मते हे शेवटचं सगळ्यात मोलाचं आहे, तेव्हा मागणी त्याच शब्दांत लिहा. "प्रकल्प रद्द करा" एवढंच लिहिलेला अर्ज बाजूला टाकायला सोपा असतो.

कोर्टाचं म्हणाल तर ऑगस्ट 2025 पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच इथेच आहे, मुंबईच्या खेपा वाचल्या. पुण्याच्या हरित न्यायाधिकरणाकडे नुसत्या झाडांसाठी धावू नका. ते ज्या कायद्यांवरचे वाद ऐकतात त्यांच्या यादीत, म्हणजे अनुसूचीत, आपला वृक्ष कायदा नाही. बांधकाम 20,000 चौरस मीटरच्या वर असेल आणि पर्यावरण मंजुरी न घेताच सुरू झालं असेल तर मात्र तो रस्ता आहे, आणि त्याला सहा महिन्यांची मुदत आहे. कुठेही गेलात तरी अंतरिम स्थगिती पहिल्याच दिवशी मागा. मुंबईच्या आरेमध्ये मेट्रो कारशेडसाठीच्या तोडीविरुद्धच्या याचिका उच्च न्यायालयाने 4 ऑक्टोबर 2019 ला फेटाळल्या, त्याच रात्री तोड सुरू झाली, आणि 7 तारखेला सर्वोच्च न्यायालयाने थांबवेपर्यंत दोन हजारांहून जास्त झाडं पडली होती.

थोड्या दिवसांत बिल्डरकडून निरोप येईल: दंड भरतो, पाचशे रोपं लावतो, विषय मिटवू. एकट्याने भेटू नका, बोलणं लेखी ठेवा. शहराच्या कायद्यातल्या 2021 च्या दुरुस्तीनुसार पन्नास वर्षांपुढचं झाड पुरातन वृक्ष ठरतं आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी झाडं लावावी लागतात, तेव्हा वयाचा वाद सोडू नका. मार्च 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मथुरा-वृंदावन भागातल्या 454 झाडांसाठी झाडामागे एक लाख दंड कायम ठेवला, तो आदेश वकिलांना दाखवा. आणि रोपं कुठे लावणार, जगवणार कोण, याचं उत्तर सर्व्हे नंबरसह येत नाही तोवर तक्रार मागे घेतल्याच्या कुठल्याही कागदावर सही करू नका.